खोटा सांगावा

कावळा डोक्यावर बसला तेव्हा बहिरू तिडके गच्चीवरच्या कुंडीतली शेवंतीची सुकलेली फुलं खुडत होता. बसला म्हणावं इतकाही वेळ तो बसला नाही. मागून पंखांचा वारा आला, टाळूवर कुणीतरी हात ठेवावा तसं वजन आलं, आणि हात काढून घेताना नखं लागावीत तशा बारीक टोचण्या जाणवल्या. बहिरूने मान वर केली तोवर कावळा पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला होता आणि आपलं काम उरकलं अशा थाटात टाकीच्या कडेला चोच घासत होता. खाली नाशिकच्या गंगापूर रोडवर गाड्या एकमेकींच्या मागे हॉर्न वाजवत उभ्या होत्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं. सगळं होतं तसंच चाललेलं होतं. बहिरूने टाळूवरून हात फिरवला, बोटाला तिळाएवढं रक्त लागलं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर केस ते किती असणार. त्या पाखराला हे डोकं म्हणजे एखादा धोंडा वाटला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो हसला. हसण्याचा आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. वजन निघून गेलं होतं, पण जिथं पडलं होतं ती जागा दबलेलीच राहिली.

खाली फ्लॅटमध्ये आल्यावर त्याने चहाचं आधण ठेवायला भांडं हातात घेतलं आणि तेवढ्यात सखुबाईचा फोन आला. सखुबाई त्याच्या धाकट्या भावाची, फकिराची बायको. फकिरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मखमलाबादच्या मळ्यातून ती दर दोन-चार दिवसांनी फोन करी. मेथी पाठवू का, वांगी निघालीत, तुम्ही एकटे काय खाता, असं तिचं ठरलेलं बोलणं. बहिरूने गंमत म्हणून कावळ्याचं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं की ती हसेल. ती हसली नाही.

"खांद्यावर बसला का डोक्यावर?"

"डोक्यावर. मधोमध."

"चोच मारली?"

"नखं लागली जराशी."

"आंघोळ झाली का तुमची?"

"सकाळीच झाली."

"परत करा. डोक्यावरनं करा, अन् गार पाण्यानं. कुठं बाहेर पडू नका, जिन्यानं चढू-उतरू नका. मी संतोषला घेऊन येते."

"सखुबाई, अगं कावळा होता. बिबट्या नव्हता."

"बिबट्या परवडला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रिकामं भांडं ओट्यावर तसंच राहिलं आणि बहिरू न्हाणीघरात गेला. आपण तिचं ऐकतोय हे त्याला कळत होतं. ज्या माणसाने देशोदेशीच्या अर्थमंत्र्यांना समोर बसवून तुमचं म्हणणं पटण्यासारखं नाही असं शांतपणे सांगितलं, तो माणूस एका अडाणी भावजयीच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा अंघोळ करत होता. गार पाणी टाळूवर पडलं तसं ओरखड्यांवर चरचरलं आणि त्या चरचरीबरोबर हरसूलची वाट आठवली. का आठवली ते त्याला सांगता आलं नसतं. तो तेव्हा नवा नवा अधिकारी होता, सरकारी जीप होती, पट्टेवाला होता, आणि माळ्याचं पोर साहेब झालं म्हणून मखमलाबादेत फकिराने पेढे वाटले होते. आठवड्याच्या बाजाराहून परतणारी एक गाडी घाटात कोसळली आणि घरोघर जाऊन सांगायचं काम बहिरूकडे आलं. पहिल्याच झोपडीपुढे एक बाई नागली कांडत होती. तिला सांगताना बहिरूचा आवाज फुटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाई स्वतःचं रडायचं विसरून या रडणाऱ्या साहेबाकडे बघत राहिली. मग आजूबाजूची माणसं जमली, कुणी ओरडलं, कुणी दगड उचलला. सोबतच्या जुन्या मामलेदारांनी त्याला जीपमध्ये बसवलं आणि परतीच्या वाटेवर पान लावता लावता ते म्हणाले, "तिडके, साहेबाच्या डोळ्यात पाणी दिसलं की गर्दीला वाटतं आता कुणीच मालक नाही. रडायचं तर घरी रडा. आणि घरीही सवय नका लावून घेऊ." बहिरू हुशार होता. धडा एकदा सांगितला की त्याला पुन्हा सांगावा लागत नसे.

तो धडा त्याला पुढे फार उपयोगी पडला. जिल्ह्यातून मंत्रालयात, मंत्रालयातून दिल्लीला अर्थखात्यात, आणि तिथून देशांना कर्ज देणाऱ्या एका परदेशी बँकेत तो गेला. आधी काही वर्षांसाठी म्हणून गेला, मग सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन तिथलाच झाला. तिकडे त्याच्याहून जास्त शिकलेली माणसं ढीगभर होती, पण त्याच्यासारखा चेहरा कुणाकडे नव्हता. समोरच्या देशात दुष्काळ असो, बंड असो, एखादा मंत्री बोलता बोलता गहिवरो, बहिरूचा चेहरा हलत नसे. तो ऐकून घेई, चष्मा पुसे आणि पुढचा मुद्दा विचारी. सहकारी कौतुकाने म्हणत की तिडक्यांच्या चेहऱ्यावरून हवामान कळत नाही. बायको, प्रतिभा, तेच वाक्य हसत हसत पाहुण्यांना सांगायची. नंतर नंतर ती ते सांगताना हसायची बंद झाली होती, पण केव्हापासून, ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

टॉवेलने डोकं टिपताना टॉवेलवर पुन्हा एक लाल ठिपका उमटला. बहिरू आरशासमोर उभा राहिला. टाळू आपली आपल्याला दिसत नाही. मान कितीही वाकवली तरी कपाळच दिसतं. आईला तेव्हा कसं वाटलं असेल, असा विचार मग आला, आणि तो येणारच होता. गच्चीवर पंखांचा वारा लागल्यापासून बहिरू ज्या विचाराला बाहेर उभा करून ठेवत होता, तो आता आत येऊन खुर्चीवर बसला.

आईच्या, भागुबाईच्या डोक्यावरही कावळा बसला होता. मळ्यात झेंडू तोडताना. बहिरू तेव्हा नैरोबीला होता. बँकेच्या कचेरीत तो एका शिष्टमंडळासाठी कागद लावत बसला होता आणि फकिराचा फोन आला. गावातल्या फोनच्या बूथवरून आलेला, मध्ये समुद्राची गाज असल्यासारखा. "दादा, आई गेली." एवढंच. बहिरूने विचारलं, कधी. फकिरा म्हणाला, आज पहाटे. बहिरूने विचारलं, कोण कोण आलंय, डॉक्टरांचा दाखला घेतला का. मग तो म्हणाला, मला निघायला परवा उजाडेल, माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. मग पलीकडे काहीच नाही. फकिरा बोलेना. गाज तेवढी वाहत राहिली. परदेशच्या फोनला पैसा पाण्यासारखा जातो आणि हा मुकाट का उभा आहे, म्हणून बहिरूच म्हणाला, "फकिरा, ठेव आता. धीर धर." त्याने फोन ठेवला, तोंड धुतलं आणि शिष्टमंडळापुढे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट हातात असताना पुन्हा फकिराचा फोन आला. आई ठणठणीत आहे, कावळ्याचं होतं म्हणून खोटा सांगावा धाडला होता. बहिरू चिडला होता. शिकल्या माणसाने चिडावं तसा, आवाज न चढवता. पुन्हा असं करू नका, म्हणाला होता.

रीत त्याला लहानपणापासून माहीत होती. कावळा डोक्यावर बसला की तो माणूस फार दिवस राहत नाही. ते टाळायचं तर लांबच्या, रक्ताच्या माणसाला तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्या माणसाने खरं मानून रडायचं. डोळ्यातून पाणी पडलं की आलेलं मरण तेवढ्यावर भागतं आणि माघारी जातं. मग खरं सांगायचं, सगळ्यांनी हसायचं, गूळ वाटायचा. बहिरू रडला नव्हता. त्याच साली, दसऱ्याच्या झेंडूची तोडणी चालू असताना, भागुबाई बांधाला टेकून बसली ती उठली नाही. या वेळचा फोन खरा होता. तो आला, त्याने सगळं रीतीने केलं. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. आजूबाजूच्या सगळ्या पिंडांवर कावळे तुटून पडत होते, आणि भागुबाईच्या पिंडाकडे एक कावळा चालत यायचा, मान वाकडी करून बघायचा, मागे फिरायचा. फकिरा म्हणाला, आई, मळा मोडणार नाय. सखुबाई म्हणाली, आत्याबाई, गाय विकणार नाय. कावळा शिवेना. मग सगळे बहिरूकडे बघायला लागले. बहिरू हात जोडून उभा होता आणि आईला काय वचन द्यावं ते त्याला सुचत नव्हतं. तिने त्याच्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं. ऊन चढलं तशी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून पुढचं उरकलं.

तेव्हा आला नाही, तो आता आला, असं बहिरूला वाटलं. इतक्या वर्षांनी, गच्चीवर, मागून. आणि असं वाटून घेणाऱ्या आपल्या मनाची त्याला लाज वाटली. लाज वाटली तरी अंगावरचा काटा बसेना. त्याने सदरा घातला, बटणं लावली, आणि बैठकीत येऊन तो दाराकडे तोंड करून बसला.

सखुबाई आली ती धापा टाकतच आली. वयाने पाठीत वाकली होती, पण डोईवरचा पदर अजून बहिरूपुढे ढळू देत नव्हती. मागे संतोष, तिचा मुलगा. त्याचा फुलांचा व्यापार होता. दारातच तो म्हणाला, "काका, मी सांगितलं हिला, की काकांनी अख्ख्या देशांना कर्ज दिलंय, त्यांचं कावळा काय वाकडं करतोय!"

"देशांना दिलं असंल," सखुबाई म्हणाली, "कावळ्याला दिलं नाय ना? सरक. दादा, वाका बरं जरा."

तिने आजवर कधी त्याला हात लावला नव्हता. आताही तिने लावला नाही, लांबूनच वाकून पाहिलं. टाळू पाहून ती सरळ झाली आणि तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"काय गं?"

"काय नाय. लागलंय. बसा तुम्ही." ती जमिनीवर टेकली. सोफ्यावर बस म्हटलं तरी बसली नाही. "आता सांगावा धाडायला लागंल. लय येळ करून नाय चालायचं. दिवस कलायच्या आत झालं पाहिजे."

"आई, आजकाल असं कोण करतं?" संतोष म्हणाला. "परवा आमच्याकडं एकानं व्हॉट्सअॅपवर कुणाच्या तरी मरणाचं खोटं टाकलं, तर पोलिसांत गेली माणसं."

"मी व्हॉट्सअॅपवर टाक म्हणले का? तोंडानं सांगायचं असतं. अन् तू रडशील का तुझ्या काकासाठी?"

"रडेन की."

"आता रडून काय उपेग? तुला ठावं झालं. मी बी रडले असते, मला बी ठावं झालं. नेणतं माणूस पाहिजे, लांबचं, अन् रक्ताचं." ती बहिरूकडे न बघता म्हणाली, "एक साधनाच राहिली."

साधना त्याची एकुलती एक मुलगी. जिनिव्हाला असते, तिथल्या विद्यापीठात शिकवते. दर रविवारी तिचा फोन येतो. हवा कशी आहे, रक्तदाब किती, गोळ्या आणल्या का. तोही विचारतो, हवा कशी आहे, काम कसं चाललंय. दोघांचं भांडण कधी झालं नाही. भांडण व्हायला जेवढं जवळ यावं लागतं तेवढं जवळ ती दोघं कधी आलीच नव्हती. प्रतिभा गेली तेव्हा साधना आली, दवाखान्याचं सगळं तिनेच पाहिलं, आईची कपाटं आवरली, साड्या वाटल्या, आणि ठरल्या दिवशी परत गेली. बापासमोर ती रडली नाही. बापही तिच्यासमोर रडला नाही. एकमेकांना त्रास नको म्हणून ती दोघं घरात अशी वावरली, जशी दोन पाहुणी एका लॉजमध्ये वावरतात. विमानतळावर तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली होती. त्यानंतर बहिरूच्या मनात कधीकधी, गोळी घेताना किंवा दाराची कडी लावताना, एक प्रश्न उभा राही. आपण गेल्यावर ही रडेल का? प्रश्न आला की तो दिवा मालवून टाकत असे.

"साधनाला नको," बहिरू म्हणाला. "ती घाबरेल."

"घाबरायला पाहिजेच. त्याबिगर पाणी कुठून येतं?"

"आणि नाही रडली तर?"

हे तोंडून कसं गेलं ते त्याला कळलं नाही. संतोष खिडकीबाहेर बघायला लागला. सखुबाई बराच वेळ साडीचा काठ बोटांनी सारखा करत राहिली. मग म्हणाली, "दादा, एक सांगू का? राग मानू नका. आत्याबाईच्या येळंला बूथमधी आत्याबाई होत्या."

"कुठल्या बूथमध्ये?"

"तुम्हाला नैरूबीला फोन लावला ना, तवा. त्या म्हणल्या, मला बी यायचंय. हे म्हणले, तू कशाला, तू तर मेलेली. तर म्हणल्या, मला ऐकायचंय बहिरू रडतो कसा, ल्हानपणीसारखा हुंदके देऊन रडतो का आता साहेबासारखा. लय हसत होत्या. बूथवाल्यानं स्टूल दिलं. आत दोघं दाटीवाटीनं, मी काचंच्या बाहेर. त्यांनी पदर तोंडात धरला होता हसू येऊ नये म्हणून, अन् कान लावला होता फोनला. यांच्या कानाला कान."

बहिरूला खोलीतले आवाज लांब गेल्यासारखे झाले. माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. ते वाक्य फकिराच्या कानात गेलं असं तो इतकी वर्षं समजत होता. ती गाज, तो मुका वेळ. आपण पैसे वाया जातायत म्हणून कंटाळलो होतो, आणि पलीकडे ती पदर तोंडात धरून वाट बघत होती.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय? बाहेर आल्या. मी म्हणले, रडले का दादा? तर म्हणल्या, त्याला कामं लय असतात. घरी येऊन भाकरी थापल्या. परत तो इषय काढला नाय."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी इतका येळ बसला आमच्यात?"

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मारायचं धैर्य तिच्यात नव्हतं, ती नुसतं खरं बोलत होती. संतोषने घसा खाकरला. "आई, बास. काका, तुम्ही नाही म्हणा, मी हिला घेऊन जातो घरी."

नाही म्हणणं सोपं होतं. बहिरू काही बोलला नाही. बँकेत एक पद्धत होती. एखादा प्रस्ताव सगळ्यांच्या टेबलावर फिरवायचा आणि ठरल्या मुदतीपर्यंत कुणी हरकत घेतली नाही की तो मंजूर झाला असं धरायचं. कुणाला हो म्हणावं लागत नसे, कुणाच्या हाताला काही लागत नसे. कितीतरी धरणं, रस्ते, कितीतरी माणसांची उठलेली घरं त्याच्या अशा गप्प राहण्यातून मंजूर झाली होती. आता तो तसाच गप्प राहिला. मरणाची भीती त्याला वाटत होती हे खरं, पण ती अर्धीच होती. उरलेली अर्धी त्याची त्यालाच तोंड दाखवत नव्हती. त्याला ऐकायचं होतं. आईला ऐकायचं होतं तसंच. पण आई हसत हसत गेली होती, आणि तो चोरासारखा बसला होता.

सखुबाईने त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ बरोबर लावला. "संतोष, लाव फोन. आवाज मोठा ठेव. अन् दादा, तुम्ही शिंकायचं बी नाय."

जिनिव्हात सकाळ असणार. घंटा वाजत राहिली. बहिरूला वाटलं, न उचलो. फोन उचलला गेला.

"हॅलो, संतोषदादा? इतक्या सकाळी?"

सखुबाईने फोन हातात घेतला आणि तिचा आवाज असा बदलला की बहिरू दचकला. त्यात फकिराचं मरण होतं, भागुबाईचं होतं, खोटं त्यात कुठेच नव्हतं. "साधना, बाळा, काकू बोलते. तुझे बाबा गेले गं. आपल्याला सोडून गेले."

पलीकडे काही नाही. गाज नव्हती आता, सगळं स्वच्छ होतं, तिथल्या खोलीतलं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं.

"कधी?" साधनाने विचारलं.

"सकाळी. गच्चीत पडले."

"कोण होतं जवळ?"

"कुणीच नाय गं बाळा. एकलेच होते."

"डॉक्टरांना बोलावलं का? दाखला लागेल. संतोषदादाला सांगा, दाखला आधी घ्यायचा." आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. बहिरूला तो आवाज ओळखीचा होता. कुणीतरी त्याचं जुनं बोलणं बाईच्या गळ्यातून त्याला ऐकवत होतं. "मी आजचंच विमान बघते. उद्या सकाळी मुंबई, दुपारपर्यंत नाशिक. तोवर थांबाल ना?"

"थांबू की."

"त्यांनी सकाळचा चहा घेतला होता का?"

सखुबाई गोंधळली. तिने बहिरूकडे पाहिलं. "चहा? ठावं नाय बाळा."

"नाही, ठीक आहे. असंच विचारलं. काकू, तुम्ही त्यांना त्या बर्फाच्या पेटीत ठेवणार असाल ना? उद्यापर्यंत ठेवायचं म्हणजे."

"ठेवावं लागंलच."

"मग कपाटात वरच्या कप्प्यात डाव्या बाजूला त्यांची राखाडी कानटोपी आहे. ती घाला आधी. त्यांच्या कानाला गारवा सहन होत नाही. पेटीतला गारवा सरळ कानात जातो. नीट खाली ओढून घाला, कानाच्या पाळ्या झाकल्या पाहिजेत."

हे तिने दाखल्याचं सांगितलं त्याच आवाजात सांगितलं. कुठे अडखळली नाही. सखुबाईने फोनवर तळहात ठेवला आणि ओठ हलवले, "रडत नाय." तिच्या चेहऱ्यावर खरीच भीती होती.

बहिरूला मात्र विमान उतरताना दिसलं. कुठलं तरी शहर, कुठली तरी बदली, आणि उतरताना कानात सुया टोचाव्यात तसं त्याला दुखायचं. प्रतिभा झोपलेली असे. शेजारी बसलेली लहान साधना काही न बोलता गुडघ्यावर उभी राहायची आणि आपले दोन तळहात त्याच्या कानांवर दाबून धरायची. चाकं जमिनीला लागेपर्यंत. तो तेव्हाही कागद वाचत असे. हे तो विसरला होता. ती विसरली नव्हती. ती आता मेलेल्या बापाचे कान झाकायला सांगत होती आणि तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता, किंवा असला तर तो इथून दिसत नव्हता. बहिरू आपल्या त्या जुन्या बोलण्यात शोधायला लागला. कधी गेली, कोण आलंय, दाखला, थांबू नका. एकेक वाक्य त्याने उलटून पाहिलं, की आईला ऐकू यावं असं काही, एखाद्या कानटोपीएवढं तरी, त्यात कुठे होतं का. नव्हतं. फोनला कान लावून बसलेल्या बाईला त्यातून काहीच मिळालं नसणार.

"काकू? ऐकताय ना? कानटोपी सापडली का बघा. मी फोनवर थांबते."

सखुबाईने बोटाने खुणावलं, थांबा, अजून थोडं, आता फुटेल. रडणं यायच्या आत खरं सांगितलं तर सगळं फुकट, हे तिने वेगळं सांगायची गरज नव्हती. बहिरूला ते पटलं होतं. शिकल्या-सवरल्या सगळ्या वर्षांसकट पटलं होतं. टाळूवरची दबलेली जागा अजून तशीच होती. थोडं थांबलं तर कदाचित तिचा बांध फुटेल, आणि आलेलं माघारी जाईल. पण तोवर ती पोर त्या परक्या देशात, सकाळच्या वेळी, बापाची टोपी शोधली जाण्याची वाट बघत फोन धरून उभी राहणार होती.

त्याने हात पुढे करून सखुबाईच्या हातातून फोन घेतला. आवाज लहान केला आणि कानाला लावला.

"साधना," तो म्हणाला, "मी बोलतोय."

"आगं आई," सखुबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

पलीकडे घड्याळ वाजत राहिलं. मग साधना म्हणाली, "बाबा?"

"हो. काही झालेलं नाही मला. डोक्यावर कावळा बसला होता. काकूंची रीत आहे, तुला माहीत नसेल..."

"माहीत आहे. आईने सांगितलं होतं आजीचं. तुम्ही तिथंच होतात?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"ऐकत होतात."

खोलीत संतोष उभ्यानेच मान खाली घालून होता.

"मग?" साधना म्हणाली. आवाज अजून तसाच सपाट, फक्त कडेला किंचित फाटलेला. "झाले का मी पास?"

आयुष्यभर तो दुसऱ्यांना गुण देत आला होता. माफ कर, असं एक वाक्य त्याच्याजवळ होतं, पण ते त्याने इतक्या बैठकांत इतक्या लोकांना म्हटलं होतं, की ते आता कुणाला द्यावं असं उरलं नव्हतं. सखुबाई त्याच्या बाहीजवळ येऊन कुजबुजत होती, "पाणी आलं का तिच्या डोळ्यात? ओ दादा, आलं का? आधी रडू द्यायचं होतं. आता नाय उतरायचं ते कावळ्याचं." नाही उतरणार, हे बहिरूलाही तिच्याइतकंच पक्कं ठाऊक होतं.

"चहा घेतला नव्हता मी," तो फोनमध्ये म्हणाला. "सकाळपासून. आधण ठेवायचंच राहिलं."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा, मग त्या खुर्चीवर जड बसल्याचा आवाज आला.

"मग करून घ्या," साधना म्हणाली. तिने फोन ठेवला नाही.

बहिरू उठला आणि फोन कानाला धरूनच स्वयंपाकघरात गेला. एका हाताने त्याने भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला. सखुबाई दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली आणि तिने पुन्हा खुणेने विचारलं, भुवया वर करून, डोळ्याखाली बोट फिरवून. बहिरूने तिच्याकडे पाठ केली. कानात लेकीचा श्वास येत होता, कधी तुटत, कधी लांबत, आणि मध्येच काही वेळ अजिबात नाही. ज्योतीवर पाणी हळूहळू तापत होतं, आणि ते उकळायची दोघंही वाट पाहत राहिली.